आवाज नसलेला धबधबा: मौनधारचे प्रकरण

मौनधार हा धबधबा अस्तित्वात नाही. एका कादंबरीमालेसाठी आखलेल्या अद्भुत जगाच्या नकाशात तो आहे, आणि लेखन सुरू होण्यापूर्वी त्या जगातील भूगोल आपापसांत जुळतो का हे तपासण्याच्या टप्प्यावर त्याचे प्रकरण उभे राहिले. पुढील मांडणी त्या एकाच धबधब्यापुरती आहे. त्याचा मूळ आराखडा काय होता, तो कुठे अडला, कोणत्या गोष्टी बदलल्या आणि कोणती एक गोष्ट जाणीवपूर्वक अशक्यच ठेवली, हे त्यात क्रमाने येते.

मूळ आराखडा

आराखड्यातील वर्णन थोडक्यात असे होते. गगनपीठ नावाचे १२ किलोमीटर लांब आणि ९ किलोमीटर रुंद असे एक एकाकी पठार आहे. त्याच्या पूर्वेकडील कड्यावरून असिता नदी ३,००० मीटर खाली कोसळते. पाण्याचा पडदा २ किलोमीटर रुंद आहे. पायथ्याच्या डोहात जहाजे नांगरतात, डोहाच्या काठावर चार हजार वर्षे जुने कुंडनगर वसले आहे, पडद्यामागे त्याच काळातले एक मंदिर आहे आणि रोज संध्याकाळी शहरातून धबधब्यावर इंद्रधनुष्य दिसते. शेवटची गोष्ट अशी की हा धबधबा पूर्णपणे निःशब्द आहे.

पहिल्या वाचनात सगळ्यांत अविश्वसनीय वाटते ती शेवटची गोष्ट. तपासणीअंती मात्र टिकली ती तेवढीच. बाकी जवळजवळ प्रत्येक तपशील बदलावा लागला. अद्भुत जगात जादू असतेच, त्यामुळे एखादी गोष्ट निसर्गनियमात बसत नाही एवढा आक्षेप पुरेसा नसतो. आक्षेप असा होता की लेखकाने जादू फक्त शांततेसाठी वापरली होती. उंची, रुंदी, पाणी, जहाजे आणि इंद्रधनुष्य या गोष्टी त्या जगातील लोकांच्या दृष्टीने साध्या, नैसर्गिक होत्या. ज्यांना नैसर्गिक म्हणून सोडून दिले आहे त्यांना निसर्गाचा हिशेब लागू होतो, आणि तो हिशेब इथे लागत नव्हता.

पाणी येते कुठून

सुरुवात पाणलोट क्षेत्रापासून केली. पठाराचे क्षेत्रफळ १०८ चौरस किलोमीटर भरते. तिथे भरपूर पाऊस पडतो आणि बाष्पीभवन व झिरपणे वजा जाता वर्षाला पूर्ण १ मीटर पाणी वाहून जाते, असे उदार गृहीत धरले तरी वर्षभरात १०.८ कोटी घनमीटर पाणी मिळते. वर्षात सुमारे ३.१५ कोटी सेकंद असतात, म्हणून सरासरी विसर्ग निघतो सेकंदाला सुमारे ३.४ घनमीटर. हे पाणी २ किलोमीटर रुंदीवर पसरले तर कड्याच्या प्रत्येक मीटरवरून सेकंदाला १.७ लिटर, म्हणजे तांब्याभर पाणी ओघळेल. त्याचा पडदा होणार नाही. फार तर कडा ओला दिसेल.

उलट बाजूने हिशेब केला तर विसंगती अधिक ठळक होते. कड्याच्या काठावर जेमतेम अर्धा मीटर खोलीचा प्रवाह २ किलोमीटर रुंदीवर हवा असेल, तर सेकंदाला सुमारे २,३०० घनमीटर पाणी लागते. वरच्याच दराने त्यासाठी ७० हजार चौरस किलोमीटरहून मोठे पाणलोट क्षेत्र हवे. एवढे पाणी ३,००० मीटर पडले तर त्याची शक्ती ६७ हजार मेगावॅटच्या घरात जाते. चीनमधील थ्री गॉर्जेस धरणाच्या २२,५०० मेगावॅट स्थापित क्षमतेच्या जवळजवळ तिप्पट. ही शक्ती ज्या डोहात रात्रंदिवस ओतली जाते, त्या डोहात जहाजे नांगरण्याची कल्पना आराखड्यातून कोणतीही चर्चा न होता वगळली गेली.

उंचीवर मात्र चर्चा झाली, आणि ती होणे योग्यच होते, कारण काल्पनिक धबधब्याची उंची कमी करा असे सांगणे लेखकाला सहसा रुचत नाही. पृथ्वीवर उंच धबधबे आहेत आणि भरगच्च धबधबेही आहेत. मात्र दोन्ही गुण एकत्र क्वचितच भेटतात. व्हेनेझुएलातील एंजल धबधबा ९७९ मीटर उंच असून त्याची सलग उडी ८०७ मीटरची आहे, पण त्याचे पाणी त्यामानाने थोडे आहे आणि कोरड्या दिवसांत त्यातले बरेचसे तळाशी पोहोचण्याआधीच तुषार होऊन विरते. दुसरीकडे नायगारामध्ये पाणी प्रचंड आहे, पण उडी ५०-५५ मीटरांच्या आसपासची. यामागे कारण आहे. मोठी नदी स्वतःचा कडा वेगाने झिजवते, मागे रेटते आणि कालांतराने उतारात बदलून टाकते. तिच्यासमोर फार उंच कडा फार काळ उभा राहत नाही. उंच कडे उरतात ते बहुधा छोट्या प्रवाहांच्या वाट्याला.

या दोन टोकांच्या मधला, उंची आणि पाणी दोन्ही राखून असलेला एक नमुना गयानामध्ये आहे. पोटारो नदीवरील कायेट्यूर धबधब्याची एकसंध उडी २२६ मीटरची असून सरासरी विसर्ग सेकंदाला सुमारे ६६३ घनमीटर आहे. मौनधारसाठी हाच नमुना समोर ठेवला. अंतिम आकडे असे ठरले: उंची २४० मीटर, रुंदी ३०० मीटर, सरासरी विसर्ग सेकंदाला ३५० घनमीटर, पावसाळ्यात १,२०० च्या पुढे आणि कोरड्या महिन्यांत पन्नासच्या आत. गगनपीठ हे एकाकी पठार न राहता ११ हजार चौरस किलोमीटरच्या उंच प्रदेशाची पूर्वेकडील कड झाले. ३,००० वरून २४० हा उतार लेखकाला जाचला. पण २४० मीटर उंचीवरून काठ सोडलेल्या पाण्याला हवेचा अडथळा नसता तरी खाली पोहोचायला सात सेकंद लागले असते, आणि पायथ्याशी उभ्या माणसाने पाण्याचा एकच गोळा नजरेने धरून सात सेकंद त्याचा पाठलाग करणे हे कागदावर उतरवता येते. तीन हजार मीटरचे तसे नाही. तिथे काठ ढगात असतो आणि वर्णन विशेषणांवर चालवावे लागते.

कडा मागे सरकतो

चार हजार वर्षे हा आकडा आराखड्यात वातावरणनिर्मितीसाठी टाकलेला होता. त्याचा धबधब्यावर काही परिणाम होईल असे कोणाच्या मनात नव्हते. पण वर कठीण खडक आणि खाली ठिसूळ खडक अशी रचना असली की तळाची भिंत आधी पोखरली जाते, वरचा थर छज्जासारखा पुढे राहतो आणि आधार सुटला की ढासळतो. नायगारात वर डोलोमाइट आणि खाली शेल आहे. सुमारे १२ हजार वर्षांत तो धबधबा जवळपास ११ किलोमीटर मागे गेला आणि मागे घळ सोडत गेला. अलीकडे पाणी वीजनिर्मितीकडे वळवल्याने हा वेग बराच मंदावला आहे, पण पूर्वी तो वर्षाला मीटरभर होता.

मौनधारला वर्षाला अर्धा मीटर एवढा सावध वेग दिला. चार हजार वर्षांत त्याचे २ किलोमीटर होतात. म्हणजे शहर वसले तेव्हा धबधबा शहराला लागून होता. आज तो पश्चिमेला २ किलोमीटर आत, एका सरळ घळीच्या टोकाशी आहे. मंदिराचेही तेच. पडद्यामागच्या कपारीत कोरलेले जुने मंदिर आज पडद्यामागे असू शकत नाही. ते घळीच्या तोंडाशी, शहराला खेटून, अर्धवट ढासळलेल्या भिंतीत कोरडे पडलेले असणार. तिथल्या पायऱ्यांवर पाण्याने गुळगुळीत केलेले रांजणखळगे आहेत, आणि धबधबा जसा मागे गेला तशी प्रत्येक काही पिढ्यांनी नवी कपार शोधून मूर्ती हलवावी लागली आहे. घळीच्या दोन्ही भिंतींत अशी सोडून दिलेली मंदिरे ओळीने सापडतात. माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत मोठी कमाई हीच, आणि ती खडकाच्या झिजेच्या एका आकड्यातून आली. चार हजार वर्षांचा इतिहास सांगण्यासाठी लेखकाने ठेवलेला स्वतंत्र प्रकरणभर निवेदनाचा भाग त्यामुळे अनावश्यक झाला. पात्राने घळीतून चालत जाणे पुरेसे ठरले.

इंद्रधनुष्याचा मुद्दा छोटा, पण नेमका आहे. इंद्रधनुष्य पाहणाऱ्याच्या पाठीशी सूर्य लागतो आणि ते सूर्याच्या विरुद्ध बिंदूभोवती सुमारे ४२ अंशांवर दिसते. धबधबा शहराच्या पश्चिमेला असल्यामुळे संध्याकाळी सूर्य धबधब्यामागे असतो. तेव्हा धनुष्य दिसणे शक्य नाही. ते सकाळकडे हलवावे लागले. पण तिथेही एक मेख आहे. २ किलोमीटरवरून २४० मीटर उंचीचा धबधबा क्षितिजावर सुमारे सात अंश एवढाच दिसतो, त्यामुळे सूर्य नेमका पूर्वेला असताना ३५ ते ४२ अंशांच्या दरम्यान चढलेला असेल तेव्हाच धनुष्याचा माथा त्या पडद्यावर पडेल. सूर्य तासाला १५ अंश सरकतो; म्हणजे उणापुरा अर्धा तास. विषुववृत्ताजवळ वसलेल्या या शहरात, सूर्य ठीक पूर्वेला उगवतो त्या विषुवदिनांच्या आसपासच हे घडेल, एरवी सूर्य एका बाजूला कललेला असल्याने धनुष्य पडद्यावरून घसरून घळीच्या भिंतीपलीकडे जाईल. ‘रोज संध्याकाळी’ या दोन शब्दांच्या जागी वर्षातून दोनदा येणारे, अर्ध्या तासाचे दर्शन आले. शहराची दिनदर्शिका त्यावर बांधण्याचे पुढे ठरले.

शांततेची किंमत

आता मूळ अशक्य गोष्टीकडे. धबधबा निःशब्द आहे असे म्हणणे सोपे. तो का निःशब्द आहे हे ठरवल्याशिवाय त्याचे परिणाम लिहिता येत नाहीत. दोन पर्याय समोर होते. एक, त्या जागेत आवाजच मरतो. मग तिथे माणसाचे बोलणेही ऐकू येणार नाही, पक्षी मुके होतील आणि मंदिरातला कोणताही संवाद खुणांनी करावा लागेल. दोन, पाणीच आवाज निर्माण करत नाही. पहिला पर्याय नाट्यपूर्ण आहे, पण तो धबधब्याशी बांधलेला नाही. तीच जादू एखाद्या गुहेत किंवा बाजारातही ठेवता आली असती. म्हणून दुसरा निवडला.

पाण्याचा आवाज बहुतांशी पाण्याचा नसतो, पाण्यात अडकलेल्या हवेचा असतो. पडणारे पाणी डोहात घुसताना सोबत हवा ओढून नेते, तिचे बुडबुडे होतात आणि प्रत्येक बुडबुडा क्षणभर आकुंचन-प्रसरण पावत स्वतःच्या सुरात कंप पावतो. मार्सेल मिनार्ट या शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये या सुराचे सूत्र दिले: १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सुमारे ३,३०० हर्ट्झवर वाजतो, १ सेंटिमीटरचा ३३० वर. असंख्य लहानमोठे बुडबुडे एकाच वेळी वाजले की धबधब्याचा घोष तयार होतो. नळातून ठिबकणाऱ्या थेंबाचा टपटप आवाजही थेंबाखाली अडकलेल्या इवल्या बुडबुड्यामुळेच होतो, हे केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये वेगवान चित्रणाने दाखवून दिले.

त्यामुळे मौनधारची जादू एका वाक्यात मांडता आली: या डोहाचे पाणी हवा स्वीकारत नाही. उर्जेच्या बाजूने ही सवलत स्वस्त आहे, कारण धबधब्याच्या एकूण शक्तीचा अगदी क्षुल्लक अंशच आवाजात जातो. मौनधारच्या सुमारे ८२० मेगावॅटपैकी जवळजवळ सगळी शक्ती घुसळण आणि उष्णतेतच खर्च होते. ती उष्णताही जाणवण्याजोगी नाही. ४२७ मीटर पडल्यावर पाणी १ अंश सेल्सियसने तापते, म्हणजे इथे अर्ध्या अंशाहून किंचित जास्त.

दिसण्यातला फरक मात्र मोठा आहे. बुडबुडे नाहीत म्हणजे फेस नाही. हवेतून येणारे पाणी थेंबांत फुटलेले असल्याने वरचा पडदा नेहमीसारखा पांढराशुभ्र राहील, पण डोहाला टेकताक्षणी तो पांढरेपणा संपेल. डोहाचा पृष्ठभाग उकळल्यासारखा वर-खाली होईल आणि तरीही काचेसारखा पारदर्शक, खोलीमुळे जवळजवळ काळा दिसेल. आराखड्यातील चित्रात पायथ्याशी फेसाचे लोट होते, ते पुसले. त्याऐवजी पांढऱ्या आणि काळ्याची एक सरळ रेघ आली, जी पाहणाऱ्याला काहीतरी बिनसले आहे हे कानाच्याही आधी सांगते.

पुढचा परिणाम डोहाच्या तळाशी आहे. प्रवाहात मिसळलेली हवा तळावर बसणारा आघात सौम्य करते. धरणांच्या सांडव्याखाली पाणी हवेशी मिसळावे म्हणून स्थापत्य अभियंते मुद्दाम व्यवस्था करतात. झांबेझी नदीवरील करिबा धरणाच्या पायथ्याशी सांडव्याच्या पाण्याने नदीतळात सुमारे ८० मीटर खोल खड्डा कोरला, हे या शक्तीचे ठोस उदाहरण. मौनधारच्या पाण्याला हवेची ती गादी मिळतच नाही. म्हणून डोहाची खोली १५० मीटर ठरवली. तळावर बसणारा प्रत्येक आघात खडकात उतरतो. कानाला ऐकू येत नाही ते पायाला कळते: डोहापाशी हात टेकला तर खडक थरथरतो, आणि शहरातसुद्धा भांड्यात स्थिर ठेवलेल्या पाण्यावर बारीक वर्तुळे सतत उमटत राहतात. पूर्ण निःशब्दतेचा हट्ट इथे थोडा सोडावा लागला, कारण एवढ्या पाण्याच्या आघाताचा दबका धक्का उरणारच. लेखकाने तो आनंदाने स्वीकारला.

जादूची हद्द कुठवर, हा प्रश्न यानंतर आपोआप आला. गुण पाण्यात आहे असे मानले तर वरची नदी, खालची नदी, तिथला पाऊस, पिण्याचे पाणी, सारेच मुके होते आणि जग हाताबाहेर जाते. गुण जागेत आहे असे धरले. डोह संपतो तिथून पुढे पहिल्या खडकाळ उतारावर असिता नदी एकाएकी फेसाळते आणि खळाळते. घळीतून चालत येणाऱ्याला आधी एका मामुली उताराचा खळखळाट ऐकू येतो आणि त्यामागचा २४० मीटरचा प्रपात मुका असतो.

याच हद्दीने गावाचा अर्थव्यवहारही ठरवला. पाण्यात प्राणवायू मिसळण्यात बुडबुड्यांचा मोठा वाटा असतो. धबधब्यांखालचे पाणी सहसा प्राणवायूने समृद्ध असते. मौनधारचा डोह त्याला अपवाद. खोल पाण्यात मासा टिकत नाही, पण पहिल्या उतारावर तो दाटीने सापडतो. मूळ आराखड्यात कोळ्यांच्या होड्या डोहात होत्या. त्या तिथून उचलून उताराखाली नेल्या आणि डोहात मासा नाही म्हणून तो पवित्र आहे, अशी समजूत शहरवासीयांच्या तोंडी दिली. समजुतीचे खरे कारण त्यांना माहीत नाही, लेखकाला माहीत आहे, आणि तसेच राहावे हे बरे.

तुषारांबाबत एक जपणूक करावी लागली. झांबियाच्या सीमेवरील व्हिक्टोरिया धबधबा १०८ मीटर उंच आणि १,७०८ मीटर रुंद आहे. त्याचे तुषार ४०० मीटरहून वर चढतात आणि कित्येक किलोमीटरवरून दिसतात, आणि त्या सततच्या ओलीवर समोरच्या काठावर दाट वन पोसले आहे. मौनधारचे तुषार प्रामुख्याने पडतानाच सुटतात, त्यामुळे फेस नसला तरी ते आहेतच. घळीचा आतला अर्धा भाग कायम ओला, शेवाळलेला आणि निसरडा ठरवला. मशाल घेऊन मंदिरात जाण्याचा प्रसंग याच कारणाने रद्द झाला.

उरलेला प्रसंग

कथेच्या सुरुवातीला धबधबा एका रात्री थांबतो. वास्तवात असे घडले आहे: २९ मार्च १८४८ रोजी एरी सरोवराच्या मुखाशी बर्फ अडकून नायगाराचे पाणी एक दिवसाहून अधिक काळ जवळजवळ बंद पडले होते, आणि नेहमीचा घोष थांबल्यामुळे लोकांच्या ते ध्यानात आले. मौनधारला घोष नाहीच, त्यामुळे कुंडनगरात प्रथम थांबतात ती भांड्यातली वर्तुळे. एवढा बदल प्रसंगात करून घेतला.

कारण मात्र बदलावे लागले. इंद्रधनुष्याच्या हिशेबासाठी शहर विषुववृत्ताजवळ ठेवले असल्याने बर्फ चालणार नव्हता. वरच्या खोऱ्यात दरड कोसळून नदी अडते असे ठरले. सेकंदाला ३५० घनमीटर या वेगाने एका दिवसात ३ कोटी घनमीटर पाणी दरडीमागे साठते. त्यासाठी ३ किलोमीटर लांब, ५०० मीटर रुंद आणि सरासरी २० मीटर पाणी धरणारी अरुंद दरी लागते. दरड फुटली की हे पाणी कड्यावरून येईल, डोहात कोसळताना आवाज करणार नाही आणि पहिल्या खडकाळ उतारावर पोहोचल्यावरच ऐकू येईल. तिथून शहर दीड किलोमीटरवर आहे. एवढ्या पाण्याला ते अंतर कापायला काही मिनिटे लागतात, आणि कथेतील पहिल्या प्रकरणाची सगळी धावपळ त्या मिनिटांत बसवायची आहे.

अशी दरी नकाशात सध्या नाही. ती गगनपीठाच्या वायव्येला काढायची ठरली आहे, पण तिथून व्यापाऱ्यांचा उत्तरेकडील रस्ता जातो आणि कादंबरीमालेच्या दुसऱ्या खंडातील एक संपूर्ण प्रवास त्याच रस्त्यावर घडतो. रस्ता हलवायचा की दरी आणखी वर सरकवून पाणी साठण्याचा अवधी बदलायचा, याचा निर्णय दुसऱ्या खंडाचा आराखडा तपासून झाल्यावरच घेता येईल.